बाटलीवरची पट्टी

मी मूळचा धावड्याचा, भोकरदन तालुक्यातलं धावडा. नाव पुंजाजी. आमच्या बापाकडं वावर नव्हतं, दुसऱ्याच्या वावरात राबून त्यानं आम्हाला वाढवलं, आन् मी अठरा-एकोणीस वर्षाचा असंल तव्हा छप्पन साल आलं, आमच्या वस्तीतल्या सगळ्यांनी बुद्धाचा धर्म घेतला. बापानं घरातले देव एका फडक्यात बांधले आन् विहिरीत सोडले. मी सोबत होतो. डुबुक झालं, बस. बाप म्हणाला, झालं, आता आजारी पडलो तर वैद्याकडं जायचं, अडलं तर शिकलेल्याला इचारायचं, भगताच्या दारात बिलकुल जायचं न्हाई. ते शब्द माझ्या डोक्यात असे बसले ना ताई, की मी त्याचा गर्वच धरला. मायचं मन मात्र येगळं होतं. नंतर कळलं, देवाचा एक चांदीचा टाक तिनं ज्वारीच्या कणगीत दडवून ठेवल्ता. विहिरीत गेले ते बाकीचे.

लग्न झालं, सुभद्रा घरी आली, मंग मी जालन्याला आलो. मस्तगडाला एक खोली, पुढं आंगण, त्यात चार बिऱ्हाडं. काम मिळालं सोड्याच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे काय, एक मशीन, एक मालक आन् आम्ही तिघं. ती गोटीवाली बाटली असती ना, अंगठ्यानं दाबली की फुस्स करती, तिच्या मी दिवसाला किती धुतल्या असतील त्याला काही हिशोब न्हाई. डोळे झाकून हातात द्या, सांगीन कोणती बाटली, कुठं टवका गेलेला हाय. बाटल्यांतला मी पंडित. हे तुम्ही ध्यानात ठेवा, पुढं लागंल.

कमल झाली आन् घरात उजेड झाला. पोरगी हुशार, बोलायला जल्दी शिकली. मंग पाच वर्षाची असताना तिला ताप आला. असा ताप की अंगावर हात ठेववंना. मान ताठ झाली, डोळे फिरले, झटके आले. सरकारी दवाखान्यात बारा दिवस होती. मेंदूत ताप गेल्ता म्हणाले. जीव वाचला. पण जी पोरगी आम्ही घेऊन गेल्तो ती परत आली न्हाई हो, दुसरीच आली. चालायची, जेवायची, बोलायची बी, पण मधीच काय व्हायचं कुणाला ठाऊक, डोळे लाल, दातओठ खायची, आन् हातात येईल ते फेकायची. तांब्या म्हणू नका, वरवंटा म्हणू नका. चावायची. सुभद्राच्या दंडावर अजून वण हायेत. घटकाभर असं चालायचं, आन् मंग थकून जमिनीवर पडायची आन् म्हणायची, आई, मला भाकर. जसं काई झालंच न्हाई.

आता माझं सांगतो. सांगायला बसलोय तर सगळंच सांगतो. मी मारायचो तिला. पहिल्यांदा चापट, मंग काठी, मंग सायकलची जुनी ट्यूब. मला वाटायचं पोरगी माजली, लाडानं बिघडली, वाकडं लाकूड चुलीत घातल्याबिगर सरळ होत न्हाई. मी मारलं की घटकाभर गप व्हायची, म्हून मला वाटायचं, बघा, उपाय लागू पडला. सुभद्रा मधी पडली की तिला बी एखादी बसायची. माझाच राग म्हणजे काय होता काय सांगू तुम्हाला, कारखान्यात मालक बोलला की मी मान खाली घालायचो आन् तो राग तसाच सायकलवर टाकून घरी आणायचो. पोरीला ताप चढला होता एकदा, मला रोज चढायचा.

मंग आला बहात्तरचा दुष्काळ. तो तुम्हाला ठाऊक असंल, लहान असाल तरी. जालन्यात प्यायला पाणी न्हाई तिथं सोडा कशाचा बनवता, मालकानं कारखान्याला कुलूप लावलं. मी आन् सुभद्रा अंबडच्या रस्त्यावर दुष्काळी कामाला लागलो, खडी फोडायला. कमल दहा वर्षाची. तिला घरी ठेवावी तर धावड्याहून आमच्याकडं आलेल्या म्हाताऱ्या मायला आवरत न्हाई, म्हून सोबत न्यायचो. आता बघा, जिथं बघावं तिथं दगडच दगड, आन् आमची पोरगी अशी. तिसऱ्याच दिवशी तिनं एका बाईच्या लेकराला दगड मारला. कपाळ फुटलं. रक्त बघून सगळ्या बाया उठल्या, मुकादम पळत आला, म्हणाला, पुंजाजी, पोरगी बांध, न्हाईतर उद्या हजेरीवर तुझं नाव दिसणार न्हाई.

मी बांधली. बाभळीला, कमरेला कासरा घालून. सुभद्रानं तोंड फिरवून घण मारायला घेतला. आठ दिवस अशी बांधली, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, दोन हात जागा. सुकडीचा सरकारी खाऊ वाटायची येळ झाली की सगळे लेकरं पळायचे, ती कासरा ताणून उभी राह्यची. मी सुकडी नेऊन द्यायचो. काही वेळा तिनं ती माझ्या तोंडावर फेकली.

एक दिवस डॉक्टर आले, कामावरच्या लोकांना टोचायला. जालन्याच्या दवाखान्यातलेच होते. तरणे होते, उंच, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. टोचता टोचता त्यांची नजर बाभळीकडं गेली. सुई तशीच हातात धरून आले आन् इचारलं, ही शेळी कुणाची हाय? मी पुढं झालो, म्हणालो, साहेब, शेळी न्हाई, माझी लेक हाय. ते म्हणाले, अस्सं, मला वाटलं तुम्हाला ठाऊक न्हाई. लागलं ते मला. खाली बसून त्यांनी तिच्या डोळ्यांत बघितलं, तापाचं इचारलं, झटक्याचं इचारलं, मंग तिचं झंपर वर करून पाठ बघितली. पाठ बघून म्हणाले, हे कशाचं? मी म्हणालो, पडती साहेब ती, सारखी पडती. त्यांनी माझ्याकडं बघितलं आन् म्हणाले, पाठीवर पडती?

हे माझं पहिलं खोटं. पुढं अजून हायेत.

दवाखान्यात नेलं. त्यांनी सांगितलं, ही माजलेली न्हाई, तापानं मेंदूला दुखापत झाली, हात मोडला तर तुम्ही हाताला मारता का? मी मिक्चर देतो. त्यानं राग एकदम जाणार न्हाई, पण तो चढायच्या आधी थोडी उसंत मिळंल, तिला बी आन् तुम्हाला बी. पण एक अट. मिक्चर चालू हाय तवर अंगाला हात लावायचा न्हाई. मिक्चर आन् मार एका घरात राहत न्हाईत. आन् अजून एक, माझ्याकडं बोट करून म्हणाले, जास्त दिलं तर पोरगी उठणार न्हाई, कमी दिलं तर उपयोग न्हाई, म्हून माप म्हणजे माप. सकाळी एक खूण, संध्याकाळी एक खूण.

तुम्ही आजकालच्या, तुम्हाला ठाऊक असंल-नसंल. सरकारी दवाखान्यात बाटली आपली आपण न्यायची. कंपौंडर त्यात मिक्चर भरायचा आन् मंग कागदाची एक उभी पट्टी घडी घालून कातरीनं दोन्हीकडनं कातरायचा, उलगडली की तिला दात पडायचे, करवतीसारखे. ती पट्टी खळीनं बाटलीला चिकटवायची. एक दात म्हणजे एक टायमाचं औषध. ज्याला वाचता येत न्हाई त्याला बी कळतं. आमचा कंपौंडर रहीमभाई. म्हातारा माणूस, मेंदी लावलेली दाढी, दवाखान्याच्या मागच्या खोलीत राह्यचा. आठ दातांची पट्टी करायचा. चार दिवस पुरायची, पाचव्या दिवशी परत बाटली घेऊन जायचं.

मी घरी आलो आन् मायला सांगितलं, बघ, हे शिकलेल्या माणसाचं औषध. माय म्हणाली, पाणी हाय रंगाचं. ती म्हणायची पोरीला बाहेरचं हाय, धावड्याला तिचा चुलत भाऊ भगत होता, तो विळा तापवून पोटावर डाग द्यायचा, डाग दिला की अंगातलं निघून जातं म्हणायची. मी म्हणालो, माय, बापानं विहिरीत काय सोडलं ते इसरली का? आन् छाती काढून आंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, आमच्या घरात औषधच चालंल. असा मी.

मिक्चरनं फरक पडला. खोटं न्हाई बोलणार, जादू न्हाई झाली, पण आधी दिवसातून चारदा व्हायचं ते एकदा, दोनदा व्हायला लागलं. आन् चढायच्या आधी ती मुठी आवळायची, ते दिसायला लागलं. सुभद्रा मुठी बघितल्या की तिला उठवून आंगणात चकरा मारायला न्यायची. मला ते सुचलं नसतं. मला एकच काम होतं, हात आवरायचं. ते मला मिक्चर पिण्यापेक्षा कडू गेलं. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा काठी मी स्वतः चुलीत घातली. मंग त्र्याहत्तरला पाऊस झाला, कारखाना उघडला, मी परत बाटल्यांवर आलो.

एका शनिवारी संध्याकाळी कमलनं लाथ मारली, कोनाड्यातली बाटली खाली आली. फुटली न्हाई, पण गळ्याला तडा गेला, आन् त्यातून थेंब थेंब गळून राह्यलं. त्याच्या आदल्या दिवशीच भरून आणल्ती, दोन खुणा संपल्त्या, सहा राह्यल्त्या. सुभद्रा म्हणाली, अवं, रहीमभाईकडं जाऊन या. मी म्हणालो, दवाखाना बंद झाला, उद्या ऐतवार, त्या म्हाताऱ्याला काहून त्रास द्यायचा, बाटल्यांचं काम कुणाचं हाय, माझं का त्याचं? कारखान्यातनं आणलेली शरबताची एक बाटली होती घरात, स्वच्छ, जाड काचंची, रुंद बुडाची. गरम पाण्यानं धुतली. मिक्चर एक थेंब न सांडता त्यात ओतलं. मंग जुन्या बाटलीवरची पट्टी भिजवून, नखानं अलगद सोडवून, कणकेची खळ करून नव्या बाटलीवर बराबर उभी चिकटवली. बुडाला बूड लावून. काय सुबक दिसत होती. सुभद्राला दाखवली. ती म्हणाली, पण सहा खुणा होत्या ना, हे तर दोनच भरलं. मी म्हणालो, अगं गळलं न्हाई का, जमीन ओली बघ. जमीन तळहाताएवढी ओली होती. चार खुणा औषध तळहातात मावत न्हाई, हे मला कळायला पाहिजे होतं. ती म्हणाली, मला बराबर वाटंना. मी म्हणालो, तू बाटल्या धुती का मी?

तुमच्या ध्यानात आलं, तुमच्या चेहऱ्यावर दिसून राह्यलं. माझ्या न्हाई आलं. बाटली रुंद, पट्टी तीच. एका खुणेत तीन खुणांचं औषध.

त्या संध्याकाळी एक खूण पाजली. पोरगी जेवता जेवता झोपली. ऐतवारी सकाळी उशिरा उठली, आन् ताई, इतकी गरीब, इतकी शांत. बस म्हटलं की बसली. हात दे म्हटलं की दिला. मी सहा वर्षांत माझ्या लेकीच्या डोक्यावर असा निवांत हात ठेवला नव्हता. दुसरी खूण पाजली. मंग तिची येणी घालून आंगणात बसवली आन् शेजाऱ्यांना बोलवून बोलवून दाखवली. बघा म्हणालो, याला म्हणतात औषध. माय बी गप झाली. शेजारीण म्हणाली, गुणाची दिसती आज. मी फुगलो. सुभद्रा एकटी भिंतीला टेकून बघत होती. म्हणाली, पोरगी हसंना. मी म्हणालो, दगड बी फेकंना, ते बघ की.

दुपारी जेवायला उठवायला गेलो तर उठंना. हलवली, उठंना. तोंडातून लाळ, मान लुळी, श्वास असा, लांब लांब, एक झाला की दुसरा येतो का न्हाई अशी वाट बघावी लागायची. कमल, कमल, म्हणून मी ओरडलो. ज्या पोरीच्या अंगाला हात लावला की चावायची ती माझ्या हातात धुतलेल्या फडक्यासारखी. टांगा केला. टांग्यात मी तिच्या नाकाजवळ बोट धरून बसलो. सुभद्रा मागून पळत आली, तिला बसवायचं बी मला सुचलं न्हाई. बाटली माझ्या खिशात होती.

रहीमभाईनं दार उघडलं, पोरीकडं बघितलं आन् बिनचपलेचा डॉक्टरला आणायला पळाला. त्यांनी नळी घातली, पोट धुतलं, सुई दिली. डॉक्टर इचारत होते, किती दिलं, किती दिलं? मी म्हणालो, एकच खूण साहेब, बिलकुल एकच. खिशातून बाटली काढून दिली. रहीमभाईनं ती उजेडात धरली. बघत राह्यला. मंग हळू आवाजात म्हणाला, पुंजाभाई, ये बोतल मैंने नहीं भरी. ये पट्टी किने चिपकाई?

एका क्षणात मला सगळं कळलं. काचेतून आरपार दिसावं तसं. आन् सुभद्रा तेवढ्यात दारात आली, धापा टाकत, पायात काटा घुसलेला. मी तिच्याकडं बघितलं आन् म्हणालो, मला काय ठाऊक, मी कामावर असतो. घरच्या बाईनं लावली असंल.

हे दुसरं खोटं. हे सांगताना आज बी माझी जीभ जड होती.

डॉक्टर तिला बोलले. काय काय बोलले. अडाणी म्हणाले, लेकराच्या जिवावर उठलीस म्हणाले. ती उभी राह्यली. एकदाच माझ्याकडं बघितलं. मंग जाऊन पोरीचे पाय चोळत बसली. मी समोरच्या बाकावर बसलो होतो आन् माझे हात, बाटल्या धुणारे हात, मी मांडीखाली दाबून धरले होते.

दिवस मावळायला आला तव्हा नर्सनं कमलचं तोंड पुसायला बोट तिच्या ओठाजवळ नेलं, आन् कमल चावली. कडकडून चावली. नर्स ओरडली, अगं माय गं! तिचं चावणं म्हणजे मला सहा वर्षांचं दुखणं होतं ताई, त्या दिवशी मी त्या चावण्यावर ढसाढसा रडलो. नर्स बोट धरून हसत होती आन् रडत होती.

दोन दिवसांनी घरी आणली. डॉक्टरनी सांगितलं, आठ दिवस औषध बंद, मंग परत थोड्यापासून सुरू करू. आन् घरी माय तयारच होती. ती म्हणाली, बघितलं तुझ्या औषधाचं? पोरगी मेली होती. आंगणातले सगळे म्हणाले, दवाईनंच झालं, सरकारी मिक्चर गरम असतं, लहान लेकरांना झेपत न्हाई. मी काय बोललो? काहीच न्हाई. बोलायला एकच गोष्ट होती आन् ती मला बोलायची नव्हती. औषधावर आळ आला तर येऊ द्या, माझ्यावर न आला म्हणजे झालं. असा तो धर्मवाला, असा तो शिकलेल्यांचा भक्त. चार दिवस गेले. औषध बंद, म्हून कमल पुन्हा पहिल्यासारखी, उलट जास्तच. शेजाऱ्यांचं मडकं फोडलं. मायनं धावड्याला निरोप धाडला.

पाचव्या दिवशी दुपारी भाकर खायला घरी आलो तर आंगणात माणसं. चूल बाहेर मांडलेली, त्यात विळा, लाल झालेला. भगत बसलेला, मायचा भाऊ, म्हणजे माझा मामाच, पुढं तो चांदीचा टाक मांडलेला, हळद-कुंकू वाहिलेलं. कमल खांबाला लुगड्यानं बांधलेली, तोंडात फडकं. सुभद्रा तिच्या पुढं आडवी उभी, दोन बाया तिला ओढून राह्यल्या, म्हणत होत्या, बाजूला हो, तूच तर पाजलं जास्तीचं, दवाखान्यात तुलाच बोलले ना डॉक्टर? म्हणजे माझं खोटं दवाखान्यातून आंगणात पोचल्तं.

माझं डोकं फिरलं. चुलीजवळचं जळतं लाकूड उचललं आन् मामाच्या अंगावर गेलो. हात वर केला, आन् खांबाजवळ कमल. तिचे हात बांधलेले, तरी तिनं मान खांद्यात अशी खुपसली, डोळे मिटले, पाठ वाकडी केली. तिला वाटलं मी तिलाच मारून राह्यलो. माझा वर गेलेला हात तिला एवढंच सांगायचा. समोर तापलेला विळा होता, त्याला ती भ्याली न्हाई हो. माझ्या हाताला भ्याली.

लाकूड खाली टाकलं. तिथंच बसलो. मंग मी बोललो. सगळ्यांच्या पुढं. म्हणालो, औषधाचा दोष न्हाई. डॉक्टरचा न्हाई. हिचा बिलकुल न्हाई. बाटली मी बदलली, पट्टी मी चिकटवली, हिनं टोकलं तरी मी ऐकलं न्हाई. तिप्पट औषध मी पाजलं, माझ्या हातानं, दोनदा. आन् दवाखान्यात मी खोटं बोललो, बायकोवर ढकललं. डाग द्यायचा तर मला द्या मामा. हे घ्या पोट. खरंच सदरा वर केला मी. भगत विळ्याकडं बघत राह्यला. म्हणाला, तुला कशाला, तुला काय धरलंय? मी म्हणालो, मला जे धरलंय ते हिला न्हाई, एवढं नक्की.

विळा चुलीत काळा पडला. मायनं टाक उचलून पदरात बांधला आन् आत गेली. ती पुढं तीन वर्षं जगली, पण भगताला परत बोलावलं न्हाई. तो टाक मात्र तिच्या उशाशी होता, तिच्यासोबतच गेला. मी अडवलं न्हाई. माझ्या गर्वानं जेवढं नुकसान केलं तेवढं त्या टाकानं केलं न्हाई.

सुभद्रानं कमलला बांधलेलं लुगडं सोडलं, तोंडातलं फडकं काढलं. मला वाटलं आता ही बोलंल, शिव्या देईल, रडंल. तिनं भाकर वाढली. ताट पुढं सरकवून एवढंच म्हणाली, इथं सांगितलं ते दवाखान्यात बी सांगून या.

ते लई अवघड होतं. आंगणातले आपले असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी लाइनीत उभा राह्यलो, तिला सोबत घेऊन. नंबर आला तव्हा सगळ्या लोकांसमोर डॉक्टरला म्हणालो, साहेब, तुम्ही हिला बोलले, ते माझ्या वाटणीचं होतं. पट्टी मी लावल्ती. डॉक्टर रागावतील वाटलं. ते खुर्चीतून उठले आन् आधी तिला हात जोडले. म्हणाले, बाई, माझी चूक झाली, मी इचारायला पाहिजे होतं. मंग मला म्हणाले, पडती म्हणाले होते तुम्ही, ते पाठीवरचे वण कुणी केले? मी म्हणालो, मीच. ते म्हणाले, आता मला तुमच्या हातात औषध देता येईल. आन् रहीमभाईला हाक मारून सांगितलं, यांना पट्टी शिकव.

रहीमभाईनं मला दोन बाटल्या दिल्या, एक उभी, एक बसकी. एका मापानं दोन्हीत पाणी ओतायला लावलं, दर मापाला खडूनं रेघ. उभीवर रेघा लांब लांब आल्या, बसकीवर एकमेकीला चिकटून. म्हणाला, देखो पुंजाभाई, मैं पहले बोतल देखता, फिर कागज काटता. बस एवढंच. पंधरा वर्षं बाटल्या धुतल्या मी, आतून बघितल्या, बाहेरून बघितल्या, त्यात काय मावतं ते कधी बघितलं न्हाई.

याला आता सहा वर्षं झाली. ते डॉक्टर बदलून गेले, दुसरे आले. कमल सतरा वर्षाची हाय. बरी झाली का इचाराल तर मी न्हाई म्हणीन. मागच्या महिन्यात तवा फेकला तिनं, माझ्या कानाजवळून गेला. पण मुठी आवळल्या की आता ती स्वतःच उठती आन् आंगणात चकरा मारती, शेजाऱ्यांना ठाऊक हाय, कुणी मधी येत न्हाई. औषध अर्ध्यावर आलंय, नवे डॉक्टर म्हणतात अजून कमी करू, घाई न्हाई. लग्नाचं कुणी इचारत न्हाई. मी बी कुणाला इचारत न्हाई. माझ्या माघारी काय, हे मनात येतं, खोटं कशाला बोलू, रोज येतं. पण कातरकाम तिला असं जमतं ताई, की रहीमभाई दर बाजाराच्या दिवशी बाटल्यांची मापं बघून रेघा मारलेला कागदाचा गठ्ठा आणून देतो आन् ती पट्ट्या कातरून ठेवती, अर्ध्या जालन्याच्या बाटल्यांवर आमच्या कमलचे दात असतात. चावायचं काम तिचं तेच, म्हणतो रहीमभाई, आता कागदावर करती. हसती ती. हसती, हे सांगायचं राह्यलं होतं.

मारणाऱ्या बापांना तुमच्या लिहिण्यातून एवढं सांगा, की माझं बी औषध मला घरातच मिळालं, उशिरा मिळालं, त्यांना जल्दी मिळो. तुमच्या लेकराबाळांना उदंड आयुष्य मिळो.

बसा थोडं, तिची औषधाची येळ झाली. ती स्वतः ओतती आता, मी हात लावत न्हाई. पण ओतलं की बाटली माझ्या डोळ्यापुढं धरती आन् थांबती. औषध कुठवर उतरलं, खूण कुठं हाय, मी नीट बघतो. बराबर हाय, म्हणतो. मंगच पिती.